चिलापीचे डोहाळे

हल्ली आमच्याकडे डोहाळजेवण घरच्या सोप्यात होत नाही, लॉन्सवर होतं. बारामतीच्या चहूबाजूंनी उसाची रानं मोडून लॉन्स झाली आहेत आणि लग्नसराई सरली की त्यांना डोहाळजेवणांचाच आधार. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, मोगऱ्याचे बाजूबंद, हातात धनुष्यबाण आणि या सगळ्यावरून आडवा 'मॉम टू बी' लिहिलेला सॅटिनचा पट्टा. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे येतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. दवाखान्यात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते, 1994 चा कायदा तशी ताकीद देतो. पण हलवायाला अजून कुणी त्या कायद्यात बसवलेलं नाही.

वाट्या झाल्या की माइक हातात घेतलेली मावशी विचारते, "सांग बाई, काय खावंसं वाटतंय?" लाजत उत्तर येतं, "चिंच." दुसरी म्हणते, "कैरी." पुण्यात नोकरीला असलेली म्हणते, "पाणीपुरी." टाळ्या पडतात, फोटो निघतात. इतकी डोहाळजेवणं जेवून झाली, पण माइकवर "मला नळी चोखावीशी वाटते" म्हणणारी अजून भेटायची आहे. आपली डोहाळ्यांची गाणीही तशीच. आवळे, बोरं, चिंचा, बागेतला झोका, चांदण्यातली नाव. नऊ महिने बाईची जीभ जणू तुळशीवृंदावनालाच प्रदक्षिणा घालत असते.

आता आमचा भाग काही वशाटाला नाक मुरडणारा नाही. इथं जत्रेला बोकड पडतो, पिराला कंदुरी होते, आखाड निघतो, जावई आला की परड्यातला गावरान कोंबडा दिसेनासा होतो. भिगवणला तर सोलापूर रस्त्यानं निघालेली माणसं मासे खाण्यासाठी वेळ हाताशी ठेवूनच घर सोडतात. असं असताना पोटातल्या पोरानं तेवढं चिंचेवर वाढावं, ही अपेक्षा कुठून आली? मला वाटतं, डोहाळ्यांत दोन जाती आहेत. आंबटाचे डोहाळे चारचौघांत सांगायचे आणि वशाटाचे आईला फोनवर, दार लोटून घेऊन सांगायचे. "आई, येताना जरा सुक्कं आण. आणि डबा पिशवीच्या तळाला ठेव, वर मेथी ठेव."

आपले पूर्वज या बाबतीत एवढे लाजाळू नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला कोणतं मांस खावंसं वाटलं तर पोर कसं निपजेल, याची यादीच दिली आहे. घोरपडीचं मांस खावंसं वाटलं तर पोर झोपाळू आणि धरलं ते न सोडणारं. रेड्याचं वाटलं तर शूर, लाल डोळ्यांचं आणि केसाळ. हरणाचं वाटलं तर पायाचं चपळ आणि रानोमाळ भटकणारं. तित्तिराचं वाटलं तर कायम घाबरलेलं. यादीत सगळे प्राणी मावणार नाहीत हे त्या वैद्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण शेवटी त्यानं एक सर्वसाधारण नियम घालून ठेवला आहे: जो प्राणी इथं सांगितलेला नाही त्याचे डोहाळे लागले, तर पोर अंगानं, वागण्यानं आणि स्वभावानं त्या प्राण्यासारखं होईल. हा नियम आमच्या तालुक्यांना लावून पाहिला तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. बोकडाच्या डोहाळ्यांवर वाढलेली पोरं कुणाच्याही बांधावर चढतात आणि दिसेल त्यात तोंड घालतात, हे इथल्या कोणत्याही ग्रामसभेत पाहायला मिळतं.

कालिदासाच्या 'रघुवंशा'त तर दिलीप राजाची राणी सुदक्षिणा चक्क माती खाते. राजा तिच्या तोंडाचा मातीचा वास पुन्हा पुन्हा घेतो आणि त्याचं मन भरत नाही. पण मला त्याच्या पुढचं आवडतं. राणी लाजेनं काही मागत नाही, म्हणून अयोध्येचा हा राजा तिच्या सख्यांना विचारत फिरतो की हिला हवंय तरी काय. राजानं विचारलं म्हणजे काम झालंच. जातककथांमधल्या सुसरीच्या नवऱ्याची गत याहून वाईट. तिला डोहाळे लागले माकडाच्या काळजाचे आणि तो बिचारा मैत्रीचं नाटक करत नदीकाठी गेला. आपण शाळेत ही गोष्ट माकडाच्या हुशारीची म्हणून शिकलो. मला मात्र आता ती डोहाळे पुरवायला निघालेल्या आणि रिकाम्या हातानं घरी परतलेल्या नवऱ्याची वाटते. घरी गेल्यावर त्याला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते कथाकारानं सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात म्हणतात. कुणी म्हणतं, लाळ गळते. वैद्यकाला हे मान्य नाही, पण मी या समजुतीच्या विरोधात कधी बोलत नाही. बाईला काय हवं ते विचारायला लावणारी दुसरी कोणतीही समजूत आपल्या घरांत फारशी शिल्लक नाही.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकडेला आणि सासर बारामतीच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. नकाशात दोन्ही गावं जवळ आहेत, ताटात फार लांब. माहेरी पाणी शिरलं तसं वशाट वाढलं. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं, काळीभोर रानं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून डोकं वर काढतं. पाण्यात मासा आला आणि आमच्या भागाला एक नवंच खाद्य मिळालं. मरळ, वाम हे नदीचे मासे होतेच, पण सगळ्यांवर वरचढ ठरली ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला कुंभारगावला येणारी पुण्याची मंडळी पक्षी परदेशी म्हणून कौतुक करतात आणि दुपारी ताटात चिलापी आली की "गावरान चव आहे हं" म्हणतात. आमच्या आज्यांनी चिलापीचं नावही ऐकलं नव्हतं, आमच्या पोरींना तिचे डोहाळे लागतात.

सासर माळकऱ्यांचं. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीवरून सणसरला जाते, त्या वाटेवरचं. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात. धनगरांच्या त्या मेंढ्या माना खाली घालून एकमेकींच्या मागे पालखीभोवती पळत सुटतात, तेव्हा भोवतीच्या गर्दीचे हात आपोआप जोडले जातात. त्या गर्दीत आखाडाचं मटण सांगून ठेवलेलीही माणसं असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मेंढीला नमस्कार आणि बोकडाचा रस्सा, दोन्ही गोष्टी एका पोटात ठेवता येणं हे आमच्या भागाचं वैशिष्ट्य आहे.

माळकरी नसलेल्या घरातसुद्धा वशाटाला वार शोधावा लागतो. सोमवार शंकराचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, आता स्वामींचाही. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यात शुक्रवारी कुणाच्या तरी घरी वैभवलक्ष्मी असते आणि बुधवारी नेमकी एकादशी येते. वर श्रावण, वर नवरात्र, वर कुणाचा तरी चातुर्मास. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने हिशोबातून काढले तर नऊ महिन्यांतले पाच उरतात आणि त्या पाचांतले पहिले अडीच-तीन उलट्यांत जातात. पोटातल्या जिवाला पंचांग वाचता येत नाही. त्याला मंगळवारी दुपारी तीन वाजता खेकडा हवा असतो.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचं असंच झालं. भिगवणकडची पोर. चौथा महिना सरत आला तरी तिच्या तोंडाला चव नव्हती. वरण नको, भाजी नको, शेपू पाहिली की पळत न्हाणीत. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, लिंबाचं लोणचं दिलं, भाजलेले चिंचोके दिले, डाळिंब तर पाटीभर आणलं. इंदापूर तालुका डाळिंबाचा, त्यामुळे रक्त कमी म्हटलं की आमच्याकडे प्रत्येक पाहुणा डाळिंब घेऊन येतो. लाल आहे म्हणजे रक्त वाढणारच, असा सरळ हिशोब. त्याच हिशोबानं बीट येतं. डाळिंब चांगलंच फळ, पण त्यात लोह बेताचंच. रंगावरून औषध ठरवायचं तर आम्ही कुंकूही पाण्यात कालवून पाजलं असतं.

तपासणीत रक्त नऊवर आलेलं निघालं. गर्भारपणात ते अकराच्या खाली गेलं की त्याला पंडुरोग म्हणतात. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गर्भवती त्यात मोडतात; 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो आकडा 52 टक्क्यांवर होता. म्हणजे जाऊबाई एकटी नव्हती, बहुमतात होती. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सरकारी नियमाप्रमाणे त्या रोज एक, निदान 180 दिवस घ्यायच्या असतात आणि चहासोबत घ्यायच्या नसतात. चहानं लोह अंगी लागत नाही. हे ऐकून घरात शांतता पसरली. गोळी सोडता येईल, पण चहा कसा सोडायचा?

मग एक दिवस जाऊबाईच्या उशीखाली पाटीवरची पेन्सिल सापडली. एक नव्हे, अर्धं खोकं. कडांना दातांचे बारीक ठसे. आत्याबाई घाबरल्या, आणि मला सुदक्षिणा राणी आठवली. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटणं आणि अंगात लोह कमी असणं, या दोन गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. गंमत अशी, की शरीराला लोह हवं असतं आणि जीभ मागते पेन्सिल. डोहाळे म्हणजे शरीरानं पाठवलेली बिनचूक चिठ्ठी, असं आपण मोठ्या कौतुकानं म्हणतो. ती चिठ्ठी खरी असेलही, पण अक्षर फार वाईट असतं.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, "खरं सांग, काय खावंसं वाटतंय?" ती आधी पदर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "चिलापी. तव्यावरची. कडक." आणि लगेच डोळ्यांत पाणी. जणू काही दरोडाच कबूल केला.

माळकऱ्याच्या घरात हे बोलायचं कसं? मी आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी आबांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना. आबांची माळ चाळीस वर्षांची, पायी वारी न चुकणारी. ते ओसरीवर पोथी वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "माळ माझ्या गळ्यात आहे. तिच्या पोटात नाही." आणि पान उलटलं.

पुढच्याच रविवारी भिगवणला बँकेत काहीतरी काम आहे म्हणून आबा सुनेला गाडीत घालून घेऊन गेले. रविवारी बँक बंद असते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. मीही सोबतीला होते. रस्त्यालगतच्या एका हॉटेलात पुढे मासे मांडून ठेवले होते. जाऊबाईनं बोट दाखवून एक निवडला. पोऱ्यानं त्याचे खवले सुरीच्या उलट्या बाजूनं शेपटीकडून डोक्याकडे खरवडले, पोट साफ केलं, दोन्ही अंगांना तिरके चिरे दिले. त्या चिऱ्यांत लसूण, मीठ, हळद आणि लाल तिखटाचा गोळा बोटानं भरला, पार काट्यापर्यंत. मग लोखंडी तव्यावर तेल, आणि माशाची पाठ तव्याला लागताच असा आवाज झाला की जाऊबाईनं डोळे मिटले. आबा बाहेर लिंबाखाली बाकड्यावर बसले होते. त्यांनी चहा मागवला, तोंड रस्त्याकडे केलं आणि जाणाऱ्या ट्रकांचे नंबर वाचत राहिले. फक्त एकदा, मागे न बघता, मोठ्यानं म्हणाले, "काटे बघून खा गं." तिनं काटे बघून दोन चिलाप्या खाल्ल्या. येताना गाडीत तिनं घोरत झोप काढली. कित्येक दिवसांनी.

आत्याबाईंनी आल्या आल्या तिच्या अंगावरून पाण्याचा हात फिरवला. माशाच्या वासासाठी की नजर लागू नये म्हणून, ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी परसात तीन विटांची चूल मांडली गेली आणि एक नवं पातेलं आलं. ते पातेलं घरात यायचं नाही, जाऊबाईची आई येईल तेव्हा तिनंच वापरायचं. नियम मोडला नाही, फक्त दोन-चार पावलं सरकला. आमच्याकडे धर्म असाच टिकला आहे.

हे सांगितल्यावर कुणी विचारेल, की मग माळकऱ्याच्या घरातल्या पोरी काय कमी निपजल्या? नाही. पण 'शाकाहारात सगळं मिळतं' आणि 'मटणाशिवाय ताकद नाही' ही दोन्ही वाक्यं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातलीच एक गोष्ट ऐकावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. जवळपास आठशे गर्भारपणांची नोंद झाली. कोण काय खातं, किती काम करतं, पोर किती वजनाचं होतं, सगळं टिपलं. त्यातून दिसलं असं, की ज्या बाया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात-पीत होत्या त्यांची बाळं अंगानं चांगली निपजली. नुसतं पोटभर खाण्यापेक्षा काय खाल्लं याला मोल होतं. आणि दुसरं असं, की निम्म्याहून कितीतरी जास्त आयांमध्ये बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व भाजीत नसतं, धान्यात नसतं. ते येतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. त्याच गावांतली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपली बाळं दिसायला बारीक असली तरी चरबी मात्र राखून होती. म्हणजे मधुमेहाची तयारी आपण पाळण्यापासूनच करतो.

माळकऱ्याला बी-12 साठी माळ काढायची गरज नाही, दूध-दही आहे. पण दूध कुठं आहे? आमच्या गोठ्यात संकरित गाई आहेत. पहाटे धार निघते, कॅन भरतो, संकलन केंद्रावर फॅट लागते, दर दहा दिवसांनी बिल येतं. घरात उरतं ते चहापुरतं. बारामती-इंदापूरच्या दुधानं अर्ध्या पुण्याची बासुंदी आटते आणि ज्या बाईनं शेण काढलं, वैरण टाकली, धार काढली तिच्या वाट्याला कपभर चहातलं दूध येतं. तोच चहा, जो गोळीसोबत घ्यायचा नसतो.

आणि वशाट खाणाऱ्या घरांचं काय? इथं मी माझ्या माहेरची गोष्ट सांगते. रविवारी मटण यायचं, एका किलोत बारा माणसं. आई चुलीवर कांदा-खोबरं भाजायची, येसर घालायची, आणि भांड्यावर तर्रीचा असा थर यायचा की आत काय आहे ते कळू नये. पहिली पंगत आजोबा, वडील, चुलते आणि आलेला-गेलेला. दुसरी पोरांची. शेवटी बाया. आईचा हात पळीनं तळ धुंडाळायचा. पहिल्या पंगतीत फोडी, नळी, कलेजी. दुसऱ्या पंगतीत उरलेल्या फोडी. तिसऱ्या पंगतीत रस्सा. बाया त्या रश्शात बाजरीची भाकरी कुस्करायच्या, वर कांदा हातानं फोडायच्या आणि मनापासून म्हणायच्या, "खरी चव रश्शातच असते बाई." चव असते, यात वाद नाही. पण लोह आणि बी-12 बरंचसं फोडीत राहतं, प्रथिनं तर फोडीतच. मटणातलं लोह शरीर सहज उचलतं, भाकरी-भाजीतलं त्या मानानं जपून. आणि फोड जर भाकरीसोबत पोटात गेली, तर भाकरीतलं लोहसुद्धा जास्त लागू पडतं. म्हणजे बाजरीची भाकरी आणि मटण ही जोडी ज्यानं कुणी जमवली, त्याला गुण चांगले जुळवता येत होते. लग्न मात्र पुरुषांच्याच पंगतीत लागलं.

म्हणून घरात मटण शिजतं, म्हणजे घरातल्या बायांना मटण मिळतं, असं समजू नये. सरकारी पाहणीत 'तुमच्या घरी मांसाहार करता का' असं विचारलं की माझी आई "हो" म्हणाली असती, आणि तरीही तिचं रक्त नऊच निघालं असतं.

गर्भारपणात मात्र एक चमत्कार व्हायचा. 'दोन जिवांची आहे' म्हटलं की पळी थांबायची. चुलतीच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मसाला पडण्याआधी मटणाचं अळणी पाणी वाटीत काढलं जायचं, त्यात मिठाचा खडा, मिऱ्याची चिमूट आणि दोन फोडी. आजी स्वतः नळी ताटावर आपटून त्यातला गर तिच्या भातावर पाडायची. कलेजीही द्यायची, हे जरा जपूनच बरं; तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर तिला आवर घालायला सांगतात. आणि काहीही कच्चं-पक्कं नको, मग ती अंडी असोत की 'जरा मऊच छान लागतं' म्हणून तव्यावरून अर्धवट उचललेलं काही. पण आजीला हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि तिच्या नळीमागचा हेतू बावनकशी होता. तिला एवढंच माहीत होतं, की या बाईच्या पानात आता फोड पडली पाहिजे.

दुसरी म्हातारी मात्र लगेच बजावायची, "लई खाऊ घालू नका, पोर मोठं झालं तर अडेल." ही भीती अजून गेलेली नाही. बाईचं बाळंतपण जिथं घरात, कंदिलाच्या उजेडात व्हायचं, तिथं ती भीती अगदीच वेडगळ नव्हती. आता दवाखाना आहे, रुग्णवाहिका आहे, पण भूक अजून जुन्याच भीतीनं मोजली जाते.

आणि बारसं झालं की संपलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी ही बाळंतिणीची सरबराई महिना-सव्वा महिना चालायची. मग पाटल्या-बांगड्यांसारखी ती गुंडाळून ठेवली जायची, पुढच्या खेपेसाठी. चुलती परत तिसऱ्या पंगतीत, रश्शाच्या चवीचं कौतुक करत. तान्हं पोर अंगावर पीत असताना बाईला जास्तच खायला हवं असतं, पण डोहाळ्यांचे दिवस सरले की 'काय खावंसं वाटतंय' हा प्रश्नही सरतो. मला डोहाळजेवणाबद्दल तक्रार आहे ती एवढीच. झोपाळा हवा, फुलं हवीत, पेढा-बर्फीसुद्धा चालेल. पण बाईची जीभ एवढ्या थाटानं ऐकायची, तर ती नऊ महिनेच का? सुदक्षिणेला रघू झाल्यावर दिलीप राजानं पुन्हा कधी तिला विचारलं का, हे कालिदासानंही लिहिलेलं नाही.

जाऊबाईला मुलगा झाला. रक्त शेवटी अकराच्या वर चढलं होतं. चिलापीनं, गोळ्यांनी की चहा सोडल्यानं, यावर घरात तीन पक्ष आहेत आणि आत्याबाई चौथ्या, त्या विठोबानं म्हणतात. सुश्रुतांच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे हे पोर पट्टीचं पोहणारं व्हायला हवं होतं. ते आंघोळीच्या बादलीला बघून किंचाळतं.

माहेरी मात्र माझ्या वहिनीनं परवा एक उद्योग केला. ती दोन जिवांची वगैरे काही नव्हती, नुसती कॅम्पमधून रक्त तपासून आली होती आणि आकडा तिला आवडला नव्हता. रविवारचं मटण शिजल्यावर तिनं आईला, काकूला आणि स्वतःला आधी वाढून घेतलं. फोडींसकट, लिंबू पिळून. मग पुरुषांची पंगत बसली. दादानं पळी पातेल्यात तीनदा फिरवली, तर्रीच्या खाली बघितलं, आणि म्हणाला, "अगं, यात फोडीच नाहीत."

आई आतून म्हणाली, "खरी चव रश्शातच असते, बाळा."